हरलेल्या पैशांचं काय करायचं?

मागच्या अंकात निवृत्तीनंतरच्या छंदांवर लिहिताना रेसकोर्सचा ओझरता उल्लेख केला होता. एवढ्यावरून इतकी पत्रं आली की संपादकांनी हा अख्खा महिना त्यालाच देऊन टाकला. नावं अर्थातच छापत नाही. दोन पत्रांत माझ्या वयाला शोभत नाही वगैरे लिहिलंय, त्यांना उत्तर नाही.

प्रश्न : वय ५२, भोसरीला माझं छोटं वर्कशॉप आहे. पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू झाला की रविवारी घोडे खेळायला जातो. कर्ज नाही, घरखर्चाच्या पैशाला हात लावत नाही. पण हरलो की ते डोक्यातून जात नाही. रात्री पडल्या पडल्या तीच शर्यत दिसते. बायको म्हणते, सोमवारी तुमच्याशी बोलायची सोय नसते. मग पुढच्या रविवारी मागचं काढायचं म्हणून जरा जास्तच लावतो. हार मनाला लावून न घेता खेळता येतं का?

उत्तर : येतं. मात्र त्याची तयारी शनिवारी रात्री करावी लागते. शर्यत संपल्यावर मनाची समजूत घालायला बसलात तर फार उशीर झालेला असतो.

मी बँकेत होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवर क्लबतर्फे पैजा घेतात त्या खिडकीवर तिकिटं द्यायला बसायचो. नोटा भराभर मोजता यायच्या, एवढीच पात्रता. खिडकीतून माणसाचा चेहरा कमी आणि हात जास्त दिसतात. पहिल्या शर्यतीला नोटा नीट घडी केलेल्या असतात, नंबर आधी ठरलेला असतो, आवाज स्वच्छ असतो. चौथ्या-पाचव्या शर्यतीला त्याच हातातल्या नोटा चुरगळलेल्या, वेगवेगळ्या खिशांतून गोळा केलेल्या. आणि शेवटच्या शर्यतीला तर रांगच बदलायची. दिवसभर फेव्हरिटवर (सगळ्यांच्या पसंतीच्या घोड्यावर) प्लेस, म्हणजे पहिल्या काहींत येईल एवढीच पैज, लावणारी शहाणीसुरती माणसं अचानक असा एखादा नंबर सांगायची, की ज्या घोड्याकडे पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात) कुणी ढुंकून पाहिलेलं नसायचं. कारण सरळ होतं. सगळं गेलेलं एका फटक्यात भरून काढेल एवढा भाव फक्त तोच घोडा देत होता. तो पळेल की नाही, हा प्रश्न तोवर मागे पडलेला असायचा.

हे फक्त पुण्यातच होतं असं मला तेव्हा वाटायचं. पण मॅकग्लोथलिन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९५६ साली तिकडच्या हजारो शर्यतींचे आकडे तपासून हेच दाखवलं होतं : दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत लोक फेव्हरिट सोडतात आणि लांबच्या, म्हणजे जिंकायची आशा कमी पण भाव मोठा असलेल्या घोड्यांमागे लागतात. पुढे १९७९ मध्ये डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी त्याचं कारण मांडलं. झालेलं नुकसान ज्याने मनातून मान्य केलेलं नाही, तो माणूस एरवी कधीही घेणार नाही असे धोके पत्करतो. तेवढ्याच रकमेच्या फायद्यापेक्षा तोटा जास्त बोचतो, हेही त्यांचंच. तुम्ही पुढच्या रविवारी ‘जरा जास्तच’ लावता ना, ती तुमची शेवटची शर्यत आहे. फक्त तुम्ही ती आठवडाभर लांबवता.

आता तुम्ही हरता कशामुळे, ते बघू. वर्कशॉप चालवता म्हणजे हिशेब कळतो. टोटवर सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी गोळा होतात. त्यातून क्लबचा वाटा निघतो, सरकारचा कर जातो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे आपण एकमेकांच्या खिशातूनच जिंकतो, आणि तेही वाटा काढून झाल्यावर. १ ऑक्टोबर २०२३पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. त्यावर प्राप्तिकर वेगळाच. घोडे, लॉटरी, पत्ते यांतल्या जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के (सेस निराळा), आणि वर्षभर हरलेले पैसे त्यातून वजाही करता येत नाहीत. इतकं सगळं मधल्यामध्ये गेल्यावर रेसकोर्सवर जमलेली सगळी माणसं मिळून हरणारच. कुणा एकाचा दिवस चांगला जातो. वर्षानुवर्षे सगळ्यांचाच चांगला जाईल, अशी सोयच त्यात नाही. तेव्हा हरलात म्हणजे तुमचं काही चुकलं किंवा नशीब फिरलं, असं काही नाही. त्या खेळाचा रोजचा व्यवहार तो.

माझ्या खिडकीवर रविवार पेठेतले एक कापडवाले यायचे. पांढरा शर्ट, खिशाला शाईचं पेन. प्रत्येक शर्यतीला ठरलेली तेवढीच रक्कम, ना एक रुपया कमी, ना जास्त. घोडा हरला की तिकिटाचे चार तुकडे करायचे, ते डब्यातच टाकायचे (बाकीचे लोक मैदानभर उधळायचे) आणि पुढच्या शर्यतीचे घोडे बघायला पॅडॉककडे चालू लागायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? म्हणाले, ‘अहो, बालगंधर्वला नाटक पडलं म्हणून तिकिटाचे पैसे परत मागायला तुम्ही मेकअप रूममध्ये जाता का?’ त्यांचे पैसे खिडकीवर देतानाच खर्च झालेले असायचे. घोडा जिंकला तर वर काहीतरी मिळालं. याच्या उलट एक गृहस्थ हरलेली तिकिटं हाताने सपाट करून शर्टाच्या खिशात जपून ठेवायचे. ऑब्जेक्शन (निकालावर हरकत) येईल, निकाल फिरेल, या आशेवर. निकाल जाहीर होऊन गेला तरी ठेवायचे. त्यांच्या सोमवारची मला कल्पना आहे.

तेव्हा तुम्ही काय करायचं. रविवारी जायची रक्कम शनिवारी बायकोसमोर पाकिटात घाला आणि ‘हे गेले’ असं तिथेच म्हणा. मोठ्याने म्हणा, लाजू नका. कार्ड घरी. फोन न्यावाच लागतो, पण त्यातल्या यूपीआयची दिवसाची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करून ठेवता येते, ती शनिवारीच करा. मैदानावर ओळखीचे खूप भेटतात, कुणाकडूनही उसने घ्यायचे नाहीत आणि कुणाला द्यायचेही नाहीत. एक वही ठेवा. काय लावलं ते शर्यतीच्या आधी लिहा. नंतर लिहायला गेलात तर जिंकलेलं ठळक आठवतं आणि हरलेलं पुसट होतं. सीझन संपला की बेरीज मारा, आणि ती बायकोला दाखवा. आणि शेवटची शर्यत खेळायचीच नाही. ती सुरू व्हायच्या आत पुलगेटला बसच्या रांगेत उभे राहा. गर्दीही कमी असते, हा जादा फायदा.

रात्री शर्यत दिसते म्हणता, त्याबद्दल. बहुतेक वेळा जी शर्यत दिसते ती शॉर्ट हेडने, म्हणजे घोड्याच्या डोक्याएवढ्याही नसलेल्या फरकाने गेलेली असते, दहा घोड्यांच्या लांबीने गेलेली नाही. ‘जवळजवळ जिंकलोच होतो’ हा जुगारातला सगळ्यात महाग विचार आहे. शॉर्ट हेडने हरलेल्या आणि शेवटून पहिल्या आलेल्या घोड्याच्या विन तिकिटाची किंमत एकच : रद्दी. पुढच्या वेळेस ती शर्यत दिसायला लागली की उठून वहीत त्या दिवसाचा आकडा बघा आणि परत झोपा.

आता थोडं कडू. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराला व्यसनांच्या रांगेत बसवलं. तिथे नऊ खुणा दिल्या आहेत आणि वर्षभरात त्यांतल्या चार दिसल्या तर आजार धरतात. सतत तेच डोक्यात असणं ही त्यातली एक, आणि गेलेले पैसे काढायला परत जाणं ही दुसरी. दोन्ही तुमच्याच पत्रात आहेत. रक्कम वाढत जाणं, घरी खोटं बोलणं, थांबायचं ठरवून न थांबता येणं, न खेळता चिडचिड होणं, यांतलं काही आहे का ते तुम्हीच बघा. असेल तर पाकीट आणि वही यांचा उपयोग नाही. एक अख्खा सीझन रेसकोर्सवर पाऊल टाकू नका. ते जमलं नाही तर कुणाला तरी दाखवायचं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

प्रश्न : आम्ही सिंहगड रोडला राहतो. मिस्टर आधी मोबाइलवर रमी खेळायचे. ती ॲप बंद झाल्यावर मला हायसं वाटलं. पण आता कुणाकडून तरी ‘आयडी’ (सट्ट्याच्या साइटवरचं खातं) घेऊन क्रिकेटवर लावतात. मागच्या महिन्यात कळलं की तीन लोन ॲप, क्रेडिट कार्ड आणि त्या आयडीवाल्याची उधारी मिळून आमच्या वर्षाच्या उत्पन्नाइतकं देणं झालंय. ते रडले, गणपतीची शपथ घेतली. म्हणतात, एकदा तुझे दागिने मोडून हे मिटव, परत नाही. मी मोडू का? पोलिसांची भीतीही वाटते.

उत्तर : ताई, नका मोडू. निदान या पद्धतीने तर नकाच. वर नऊ खुणा म्हटल्या ना, त्यातली एक अशी आहे : जुगारातून झालेली अडचण दुसऱ्या कुणाच्या तरी पैशाने सोडवून घेणं. एकरकमी सगळं मिटलं की डोक्यावरचं ओझं जातं आणि रिकाम्या झालेल्या क्रेडिट कार्डावर परत जागा होते. शपथेचं म्हणाल तर ती घेताना ते खोटं बोलत नसतील. पण शपथेवर गणपतीने काय करावं? हातातल्या फोनवर तो आयडी आहेच.

बँकेत असताना वसुलीचं काम मी केलंय, म्हणून हे जरा तपशिलात सांगतो. आज एक कागद घ्या आणि दोघांनी बसून देण्यांचे दोन भाग पाडा. एका बाजूला बँक, क्रेडिट कार्ड आणि ज्यांच्या मागे रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेली वित्तसंस्था आहे अशी ॲप. दुसऱ्या बाजूला आयडीवाला. क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि त्यात यादीत न सांगितलेलं कर्जही निघतं. निघालं तर भांडू नका, यादीत लिहा.

पहिल्या बाजूचं देणं खरं आहे आणि ते फेडायचंय. पण ते हप्ते पाडून, थेट त्या संस्थेच्या खात्यात, तुमच्या हाताने. त्यांच्या हातात रोख किंवा त्यांच्या खात्यात पैसे एक दिवससुद्धा नकोत. बँकेत जाऊन स्पष्ट सांगा की फेडायचंय, हप्ता कमी करून द्या. लपणाऱ्यापेक्षा समोर येऊन बसलेल्या माणसाशी बँक बरी वागते. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा आदेश आहे. धमक्या, फोटो पसरवण्याची भाषा सुरू झाली तर १९३० या सायबर क्रमांकावर तक्रार करा, आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही.

दुसऱ्या बाजूचं देणं म्हणजे कायद्याच्या नजरेत देणंच नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेल्या पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. आपल्याकडे तर १८६५च्या जुन्या मुंबई कायद्यानुसार पैजेसाठी केलेले जोडव्यवहारही टिकत नाहीत. अर्थात आयडीवाला कोर्टात जाणार नाही, दारात येईल. म्हणून एखाद्या वकिलाला कागद दाखवून ठेवा आणि पहिल्याच धमकीला पोलीस ठाण्यात अर्ज द्या. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैसे फिरवणाऱ्यांना. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्याचा अर्थ आयडीवर लावणं चालतं असा कृपा करून काढू नका. पण भीतीने गप्प बसायचं कारण नाही.

घरातल्या व्यवस्थेचं : पगाराचं खातं तुमच्या नजरेखाली घ्या, त्यांच्याकडे रोजच्या खर्चापुरतं ठेवा. अपमान वाटेल त्यांना. वाटू दे. पैशांची सूत्रं दुसऱ्याकडे देणं हा उपचाराचाच भाग असतो, शिक्षा नव्हे, हे त्यांना एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. येरवड्याचं मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथे भेट घ्या. नाहीतर ससूनच्या मानसोपचार विभागात जा. घरून बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही एकट्यांनीही फोन केला तरी चालतो.

एक गोष्ट आजच करा. जीव देण्याचे विचार येतात का, असं त्यांना सरळ, याच शब्दांत विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. ‘हो’ म्हणाले तर एकटं सोडू नका आणि तसंच डॉक्टरकडे घेऊन जा. कर्जाचा कागद दोन दिवस थांबेल.

आणि गेलेले पैसे? ते गेले. वर्षभराचं उत्पन्न गेलं हे तुम्हा दोघांना एकदा एकत्र बसून रडून घ्यावं लागेल. ‘एक मोठी मॅच लागली तर सगळं सुटेल’ हे वाक्य घरात कुणी उच्चारलं, अगदी सासूबाईंनीही, तर तिथेच थांबवा.

प्रश्न : तुमच्या स्तंभात शेअर बाजाराला जुगार म्हटलं होतं. मी ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावांवरचे सौदे) ट्रेडिंग करतो, चार्टचा अभ्यास आहे. आम्हाला घोडेवाल्यांच्या पंक्तीला बसवू नये. – कर्वेनगर

उत्तर : शेअर बाजाराला म्हटलं नव्हतं, ऑप्शन्सबद्दल म्हटलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने आकडे दिले : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा खर्चासकट सुमारे दोन लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. उरलेल्या सात टक्क्यांत तुम्ही असाल तर अभिनंदन. ब्रोकरकडून वर्षाचं विवरण येतं, ते एकदा घरच्यांसमोर उघडा. पंक्ती मग ठरवू.

प्रश्न : दिवाळीत आमच्याकडे नारायण पेठेतल्या वाड्यात सगळी भावंडं जमतात आणि तीन पत्तीचा डाव बसतो. रक्कम किरकोळ, पण माझे मेव्हणे हरले की ब्लाइंडवर ब्लाइंड (पानं न बघताच पैसे) टाकत सुटतात, ‘इतका वेळ आलं नाही, आता येणारच’ म्हणतात, आणि शेवटी रुसून बसतात. डाव बंद करायचा का? मुलांना वाईट वाटेल.

उत्तर : डाव कशाला बंद करता, मेव्हण्यांची गणितं तेवढी सुधारा. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यातले १६,४४० नुसत्या मोठ्या पानाचे, म्हणजे चारात जवळजवळ तीनदा हातात काहीच नसतं. जोडी साधारण सहा हातांत एकदा. ट्रेल (तिन्ही पानं सारखी) ४२५ हातांत एकदा, म्हणजे वसूबारसेपासून भाऊबीजेपर्यंत बसलात तरी ती येईलच असं नाही. आणि पत्ते पिसले की मागचं सगळं पुसलं. मागचे दहा हात वाईट गेले, हे पुढच्या पानांना ठाऊक नसतं. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग सव्वीस वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच, म्हणत लोकांनी तिथे रक्कम वाढवत वाढवत लाखो फ्रँक घालवले. तिथेही बरेच मेव्हणे असणार.

ते दुपटीचा हिशेबही सांगत असतील : हरलं की दुप्पट लाव, कधीतरी निघतंच. त्यांना कागदावर मांडून दाखवा. शंभरापासून सुरू करून सात डाव सलग गेले तर १२,७०० गेले. आठव्याला १२,८०० लावायचे. तो जिंकला तर सगळ्या उठाठेवीची निव्वळ कमाई शंभर रुपये. तेवढ्यासाठी चकल्या थंड करायच्या?

नियम असे करा. प्रत्येकाने सुरुवातीला सारखीच चिल्लर घ्यायची, ती संपली की तो माणूस पत्ते वाटायला किंवा चहा टाकायला. उधारी नाही, ‘उद्या देतो’ नाही. ब्लाइंडला चालींची मर्यादा घाला. रात्री बारा वाजता डाव बंद, कुणी हरत असलं तरी, आणि कुणी हरत असेल तर जास्तच कटाक्षाने. मुलं बसतात म्हणता, त्यांना बदाम सात आणि मेंढीकोट शिकवा, त्यात बिनपैशाची भांडणं भरपूर होतात. मेव्हण्यांची चिल्लर बहुधा सगळ्यांत आधी संपेल. चहा त्यांना जमत नसेल तर आतापासून शिकवून ठेवा.